वैद्याची जागा

(असोदा. दुपारी तीनचा सुमार. ओट्यावर लताबाई लसूण सोलत बसल्या आहेत. पोलिसाच्या ट्रेनिंगहून नऊ महिन्यांनी, आज सकाळीच घरी आलेला त्यांचा मुलगा कुंदन जुना फोन हातात धरून समोर उभा आहे.)

लताबाई: मंग घे ना बापा. तुहाच फोन हाये. मी कुठी धरून ठेवला?

कुंदन: फोनचं नाही म्हणत मी, आई. जागेचं म्हणतोय. जाताना तुला काय सांगून गेलो होतो मी?

लताबाई: रोज गेम उघडायचा, हजेरीचं बटन दाबायचं आन् बंद करायचा.

कुंदन: बस. एवढंच सांगितलं होतं. सात दिवस हजेरी नाही लागली तर टीममधली माझी जागा जाते, म्हणून. आणि आता घरी येऊन एक दिवस नाही झाला, तर नीलेश फोन करून काय म्हणतो? 'कुंदन भो, रविवारी जळगावला फायनल आहे, तू आलास ते बरं झालं. मावशीला घेऊन ये.'

लताबाई: त्याले सांग, मावशीले टाइम नही म्हना.

कुंदन: मला घेऊन जायला सांगतोय तो. मोटरसायकलवर. ड्रायव्हर म्हणून.

लताबाई: तू आधी बस बरं खाली. उभ्यानं बोलू राह्यला साहेबावानी. पानी पेला का?

कुंदन: तीनदा पाजलंस तू.

लताबाई: हे पाहा कुंदन, म्या फक्त जागा धरली व्हती. एसटीत नही का, खिडकीतून रुमाल टाकतो आपन. मानूस आला का रुमाल उचलायचा आन् त्यानं बसायचं. तू आला. मी उठली. झालं.

कुंदन: रुमालानं एवढे सामने नसतात जिंकले, आई. चौदापैकी तेरा. नीलेशनं पाठवलं मला सगळं. मी होतो तेव्हा आम्ही कधी उपांत्य फेरी पाहिली नव्हती.

लताबाई: ते पोरं चांगले खेयता. त्यात माहं काय?

कुंदन: हेच मी सकाळपासून स्वतःला सांगतोय. बरं, मला एक सांग. वैद्याचं काम काय असतं?

लताबाई: मही परीक्षा घेऊ राह्यला का?

कुंदन: घेतोय असं समज.

लताबाई: पाच जनं असता. एक ढालीवाला पुढं चालतो, तो नीलेश. एक दुरून नेम धरते, ती भूमिका. एक हेर, तो किरन. एक भिंती बांधनारा गवंडी, तो मगन. आन् पाचवा वैद्य. वैद्याच्या हातात काठी बी नही. जखमी होऊन खाली बसलेल्याजवय जायचं, निये बटन दाबून धरायचं, तो उठला का पुढच्याकडं जायचं. मारायचं नही, पयायचं नही, किल्ला जिंकायचा नही.

कुंदन: पळायचं नाही असं कुठंय? पळतो की वैद्य.

लताबाई: मले नही पयता येत त्या दोन बोटाईनं. मी चालतच जाते.

कुंदन: मैदानाच्या मधून? चालत?

लताबाई: मंग कुठून जाऊ? वावरात नही का जात आपन, बांधाबांधानं.

कुंदन: आई, पण हे सुरू कसं झालं? हजेरीवरून तू मैदानात उतरलीस कशी?

लताबाई: तू गेल्यावर पंधरा-वीस दिवसानं असंन. म्या बटन दाबलं तं आतून आवाज आला. म्हने, 'मावशी, तुम्हीच हाय ना? आज आमच्यात वैद्य नाही. नुसतं मैदानात उभं राहा, नाहीतर आम्हाला बाद धरतील.' म्या म्हनलं, उभं राहाले काय जाते. उभी राह्यली. तं माह्या समोर तो मगन पडला. आता समोर लेकरू पडलं आन् आपल्या हातात औषधाची झोयी हाये, मंग?

कुंदन: मगन लेकरू नाही. त्याला दोन पोरं आहेत.

लताबाई: पडल्यावर सगये लेकरंच दिसता मले.

कुंदन: हो ना. म्हणूनच ते दुसरंही झालं. त्याची बातमी ट्रेनिंग सेंटरला पोचली होती, माहितीय? धुळ्याचा एक पोरगा माझ्या बराकीत होता. जेवणाच्या रांगेत मला विचारतो, 'काय रे कुंदन, तुझ्या नावानं समोरच्या टीमच्या माणसाला कोण उठवतं?' सगळी रांग हसली. माझ्या ताटात वरण घालणारासुद्धा हसला.

लताबाई: तुले तठी बोलले का लोकं? हे तू मले फोनवर नही सांगतलं.

कुंदन: रविवारी दहा मिनिटं फोन मिळायचा. त्यात हे सांगत बसू?

लताबाई: चुकलं माहं. नीलेशनं बी त्या दिवशी लय बोंब मारली. पन गुडघ्यावर बसला व्हता ना रे तो, आन् हात वर करून पानी मांगू राह्यला व्हता.

कुंदन: दंडाला लाल पट्टा होता त्याच्या. आपला निळा असतो.

लताबाई: पाह्यला व्हता म्या पट्टा. पानी मांगनाऱ्याच्या दंडाकडं पाहात बसू का?

कुंदन: म्हणजे माहीत असून उठवलंस?

लताबाई: गेम उठवू देतो ना. बटन उजयलं. गेमलेच चालते तं मले काब्रं नही चालनार?

कुंदन: गेममध्ये चालतं, पण कोणी करत नाही, आई. इतक्या वर्षांत कोणी केलेलं नाही. कशाला करेल?

लताबाई: भूषन म्हने तसंच. तो पडलेला तोच तं भूषन. नरडान्याले कंपनीत हाये तो. त्यानं डाव झाल्यावर इचारलं, 'मावशी, चुकून झालं का?' म्या म्हनलं, नही, तू जेवला का?

कुंदन: शत्रूला विचारलंस जेवला का.

लताबाई: नव्हता जेवला. दुसरी पाळी करून आल्ता. त्याची माय धुयाले दवाखान्यात व्हती तव्हा, पायाचं ऑपरेशन झाल्तं तिचं. आता चालते ती. वॉकर धरून.

कुंदन: बरं. आणि मग हा भूषण?

लताबाई: त्यानं त्याच्या पोराईले सांगून ठेवलं, मावशीवर कोनी नेम धरायचा नही म्हनून. मंग बाकीच्या टीमाईले बी समजलं. सोनगीरचा एक पोरगा धरे पहिले, त्याले त्याच्याच लोकाईनं दम दिला.

कुंदन: थांब. म्हणजे खानदेशातल्या एकाही टीमचा नेमबाज तुझ्यावर गोळी झाडत नाही?

लताबाई: नही झाडत. मी मधून चालत जाते, आपल्याले उठवते, रस्त्यात त्याहीचा कोनी पडेल असला तं त्याले बी उठवते. टाइम असला तं.

कुंदन: आणि तरी तुम्ही जिंकता.

लताबाई: ते मले बी नही समजत.

कुंदन: दे. मी एक डाव खेळून बघतो. साडेतीनला सरावाचा सामना आहे, धुळ्यावाल्यांशीच. पाच वाजेपर्यंत फायनलच्या फॉर्मवर नाव नक्की करायचंय. तोवर कळेल.

लताबाई: काय समजंन?

कुंदन: कळेल. फोनला लसणाचा वास येतोय, आई.

लताबाई: येईनच. माहेच हात हाय ते.

कुंदन: हे काय? हे काय केलंस तू? आई, गुण कुठं टाकलेस सगळे?

लताबाई: कोनते गुन?

कुंदन: प्रत्येक सामन्यानंतर दहा गुण मिळतात ना, आपल्या माणसाला शिकवायला. मी तीन वर्षं एकेक गुण 'उठवण्या'वर टाकला. वेग शून्य, अंगावर चिलखत शून्य, दुसरं काही येत नाही त्याला, पण उठवायला दोन सेकंद लागतात फक्त. सगळ्या जिल्ह्यात असा वैद्य नव्हता. आणि तू तर... हे सगळे कानावर टाकलेत.

लताबाई: हाव. तो मले इचारे, कशावर टाकू. पाच चित्रं दाखवे. मले त्या पोराईचा आवाजच नीट येत नव्हता, म्हनून म्या कानाचं चित्र दाबत गेली.

कुंदन: तो कान पोरांच्या बोलण्यासाठी नाही. मैदानातले आवाज दुरून यावेत म्हणून आहे. हेराचं काम आहे ते. वैद्याला कान देऊन काय करायचं? आवाज वाढवायचा असेल तर इथं बाजूला बटण आहे, फोनला. हे.

लताबाई: ते मले माहीतच नव्हतं.

कुंदन: नऊ महिने.

लताबाई: खराब केला का रे म्या तुहा वैद्य?

कुंदन: बघू. लागला सामना. नीलेश, आवाज येतोय का?

नीलेश: येतोय, भो. स्पीकरवर आहेस का? ये, ये. वैद्य तू आहेस ना आता? मावशी आहेत का जवळ?

कुंदन: आहे. का?

नीलेश: काही नाही. असू दे जवळ. मावशी, नमस्कार.

लताबाई: नमस्कार बापा. खोकला गेला का?

नीलेश: गेला, मावशी. ओवा घेतला तुम्ही सांगितला तसा.

कुंदन: सामना सुरू झालाय.

नीलेश: हो, हो. मी पुढे निघालो. मगन, उजवीकडं भिंत घे. किरण वर गेलाय, भूमिका चिंचेच्या झाडामागे. कुंदन, तू?

कुंदन: मी विहिरीआड थांबतो, नेहमीसारखा. कोणी खाली बसलं की आवाज द्या, लगेच येतो.

नीलेश: आवाज?

कुंदन: हो, नाव घ्या आणि जागा सांगा. पूर्वी नाही का करायचो?

नीलेश: हो हो. सांगतो ना. बरं.

लताबाई: कुंदन, विहिरीआड काब्रं बसला? तठून काहीच दिसत नही.

कुंदन: लपायला बसलोय, आई. वैद्य मेला तर सगळे मेले. हे कानात काय येतंय? सूं सूं असं, डावीकडून.

लताबाई: ते किरनचं. तो माडीवर चढला का दमतो. त्याचं काही नही. ते दुसरं आइक, बारीक, कन्हल्यावानी.

कुंदन: मला एकच येतंय. नाही, दोन आहेत. सगळंच येतंय, पाखरंसुद्धा. काही उमगू देत नाही हा कान.

लताबाई: भूमिकाकडं जाय.

कुंदन: ती ठीक आहे. तिनं काही म्हटलेलं नाही.

लताबाई: म्हनूनच जाय. बोलनं बंद झालं तिचं. ते पोरगी लागलं का गप होते.

कुंदन: आई, तिच्या नावापुढं हिरवा दिवा आहे. हिरवा म्हणजे ठीक.

लताबाई: हिरवा तं राहतोच शेवटपर्यंत. जाय तू.

कुंदन: उगाच कसा जाऊ, मधे मोकळं मैदान आहे. नीलेश, भूमिका ठीक आहे ना?

नीलेश: भूमिका? भूमिका, बोल गं. गेली ती. गेली, भो. बाद झाली. तू कुठं होतास?

कुंदन: तिनं सांगितलं का नाही? एक शब्द बोलली असती तर पोचलो असतो मी.

नीलेश: ती नाही सांगत रे. आता आम्ही कोणीच सांगत नाही. तशी सवयच राहिली नाही. मावशी येतातच ना.

लताबाई: नीलेश, त्याले बोलू नको. तो आजच आला.

नीलेश: नाही मावशी, बोलत नाही. कुंदन, मीही आता अर्धाच उरलोय, पण चालेल. मी बरा आहे.

लताबाई: तो बरा नही. 'बरा आहे' म्हनला म्हनजे दोन गोया लागल्या त्याले. पय, आता पय तू. तुले येते ना पयता.

कुंदन: पळतोय. विहीर सोडली. चिंच. भिंतीच्या कडेनं. थोडंसं राहिलं, पोचलोच... कोण झाडतंय हे? आई, तू तर म्हणालीस हे लोक नेम धरत नाहीत.

लताबाई: माह्यावर नही धरत.

कुंदन: मी तोच आहे. तोच वैद्य, तीच झोळी, पडद्यावर सगळं तेच दिसतंय त्यांना.

नीलेश: पडलास, भो. कुंदन पडला. मगन, मागे फिर. राहू दे, संपला डाव. काही नाही, सरावच होता. चालायचंच.

कुंदन: समोरून मेसेज आलाय. भूषणचा.

लताबाई: काय म्हनतो?

कुंदन: 'हाऊ कोन शे? मावशी पळत नही. मावशी बरी शे ना?'

लताबाई: सांग त्याले, बरी हाये म्हना.

कुंदन: नीलेश, मी दहा मिनिटांनी फोन करतो तुला.

नीलेश: कर. फॉर्मचं मात्र पाचच्या आत, भो. आणि मनाला लावून घेऊ नकोस. नऊ महिने फोन हातात नव्हता तुझ्या. तुझं नाव लावायचं असेल तर लाव, आम्ही काही म्हणणार नाही. खरंच नाही म्हणणार.

कुंदन: ठेवतो.

लताबाई: मंग? दोन दिवस हायेत रविवारले. शिकशीन तू. मी सांगंन तुले कोनाचं कसं हाये ते. किरन दमला तं त्याले सोडून द्यायचं. मगनले राग आला का तो भिंत सोडून पुढं जातो आन् पडतो. भूमिकाचं तुले समजलंच आता.

कुंदन: आणि कान?

लताबाई: कानाची सवय व्हईन.

कुंदन: आई, तिकडं ट्रेनिंगमध्ये आम्ही साडेतीनशे जण होतो. मी एकशेबारा नंबर होतो. नाव नाही, एकशेबारा. धावण्यात मागून पहिला यायचो. नेमबाजीत कसाबसा पास. रोज रात्री पाय सुजायचे, आणि रोज मी मनात म्हणायचो, असू दे, असोद्याला माझी एक जागा आहे. तिथं मी नसलो तर चार माणसं अडतात. माझ्यावाचून त्यांचं चालत नाही. तेवढ्यावर नऊ महिने काढले मी.

लताबाई: मंग तीच जागा तं ठेवली म्या तुह्यासाठी. एक दिवस हजेरी चुकू नही दिली. ताप व्हता मले तव्हा बी दाबली.

कुंदन: ठेवलीस. पण आता बसायला गेलो तर माझ्या मापाची राहिली नाही ती. तुझ्या मापाची झालीय. तू काही वाईट केलंस असं नाही म्हणत मी. मला फक्त वाईट वाटतंय.

लताबाई: माह्यामुये वाईट वाटू राह्यलं तुले. नऊ महिन्यानं आलं लेकरू आन् पहिल्याच दिवशी... दे तो फोन. मी नीलेशले सांगते. कुंदनच येईन, मी येत नही. माहं काय काम हाये तठी, त्या हॉलात? सगये कॉलेजचे पोरं राहतीन. मी लुगड्याची बाई, तठी जाऊन फोन दाबत बसू का?

कुंदन: तुला जायचं नाहीये?

लताबाई: नही.

कुंदन: माझ्याकडं बघून सांग.

लताबाई: लसूण राह्यला माहा.

कुंदन: आई.

लताबाई: काय सांगू? जायचं हाये. नही कसं? आजपोत मले कोनी कुठी बोलावलं नही रे. लग्नाच्या पत्रिका येता घरी, त्याच्यावर 'श्री. सुपडू भोळे, सहकुटुंब' असते. त्या सहकुटुंबात मी राहते. हळदी-कुंकवाले बोलावता, ते बी सगया गल्लीले बोलावता. आन् तो नीलेश म्हने, 'मावशी, तुम्हीच या, तुमच्याशिवाय नाही होणार.' म्या आठ दिवसापासून नेसाले पातय काढून ठेवलं हाये. ते हिरवं. पन तू आला म्हनजे ते परत ठेवून देईन मी, त्यात काय एवढं. तुहं पहिलं हाये ते.

कुंदन: कोणाला सांगितलंस हे?

लताबाई: तुह्या बाबाले सांगतलं. ते म्हने, 'जळगावले जातेच हाये तं येताना फवारनीचं औषध घेऊन ये.'

कुंदन: बाबा म्हणजे ना. तुझं आधार कार्ड कुठंय?

लताबाई: कपाटात, साड्याईच्या खाली. काब्रं?

कुंदन: आण.

लताबाई: कुंदन, असं रागानं नको करू. मंग मले तठी खेयता नही येनार.

कुंदन: रागानं नाही, आई. खरंच. थोडा होता सकाळी, तो विहिरीआड संपला. तिथं बसून मी भूमिकाचा हिरवा दिवा बघत होतो आणि तू इथं लसूण सोलता सोलता ओळखलंस. मी तीन वर्षं खेळलो त्या पोरांबरोबर. मला हे कधी कळलं नव्हतं की किरण दमतो. कधी विचारलंच नव्हतं. आण कार्ड.

लताबाई: हे घे. त्यातला फोटो नको टाकू, त्यात मी चोरावानी दिसते.

कुंदन: सगळेच दिसतात. हं. नाव, लताबाई सुपडू भोळे. गाव, असोदा. वय?

लताबाई: एकोनपन्नास लिही. पन्नास नको.

कुंदन: कार्डावर आहे तेच लिहावं लागतं, पोलिसासमोर खोटं चालत नाही. एकोणपन्नासच आहे, घाबरू नकोस. काम कोणतं? वैद्य. बदली खेळाडू, कुंदन सुपडू भोळे.

लताबाई: बदली म्हनजे?

कुंदन: मागच्या खुर्चीवर बसायचं. तुझा चष्मा, पाण्याची बाटली आणि बाबांचं औषध सांभाळायचं. कोणाला ताप आला तर उतरायचं.

लताबाई: मी मुद्दाम एक डाव आजारी पडंन.

कुंदन: पडलीस तर बघ. फायनलला नागपूरची टीम आहे, त्यांना मावशी-बिवशी माहीत नाही. ते तुझ्यावर नेम धरतील. पहिला डाव पडशील कदाचित.

लताबाई: पडू दे. त्याइले बी जेवले का इचारू आधी.

कुंदन: आणि संध्याकाळी मला ते कानाचं शिकव. आता एकच राहिलं. पडद्यावर अजून 'कुंदन' आहे, ते बदलतो. 'लता' ठेवू का 'मावशी'? हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर येणार ते.

लताबाई: ते राहू दे.

कुंदन: अगं, खेळणार तू आणि नाव माझं? नको. सगळ्यांना कळलं पाहिजे कोण आहे ते.

लताबाई: फारमावर लिहिलं ना माहं नाव, तेवढं लय झालं. ते पडद्यावरचं हात नको लावू.

कुंदन: पण का?

लताबाई: कोनाले उठवलं का तो फोन नाव घेतो, माहीत हाये ना तुले? 'कुंदन आला, जीव वाचला', असं म्हनतो.

कुंदन: माहितीय. डोकं उठायचं माझं. मी तर कायम बंद ठेवायचो ते.

लताबाई: म्या चालू केलं.

कुंदन: तू? आवाज वाढवायचं बटण सापडलं नाही तुला, आणि हे सापडलं?

लताबाई: एक दिवस बोट लागून चालू झालं. मंग बंद नही केलं. तुहे बाबा सकायी वावरात जाता ते दिवस मावळल्यावर येता. तू तिकडं. घरात तुहं नाव घ्याले दुसरं व्हतं कोन?

कुंदन: आई.

लताबाई: आन् सोमवारी तू परत चालला. पोस्टिंग कुठी मियते ते देवाले माहीत. म्हनून म्हनते, राहू दे. पहिला महिनाभर तं मी त्याच्यासाठीच खेयली रे.